जिन्याचं घर: लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहायला जाताना

घर दाखवणारा माणूस नेहमी आपल्या पुढे असतो आणि बोलत बोलत भराभर जिना चढतो. त्याला सवय असते. आपण मागून रिकाम्या हातांनी जातो, वर पोचल्यावर जरासा दम लागतो, पण तेवढ्यात तो खिडकी उघडतो, उजेड आत येतो आणि जिना डोक्यातून निघून जातो. मी दोनदा असा फसलो. तिसऱ्या वेळी लिफ्ट नसलेलं घर घेतलं ते डोळे उघडे ठेवून, आणि तिथे मी मजेत राहतो आहे. मधल्या काळात एक गोष्ट समजली. या घरांत सगळा हिशेब खेपांचा असतो. किती खोल्या, किती सामान, किती वजन हे सगळं नंतर. आधी विचारायचं, याच्या किती खेपा? घर निवडण्यापासून बाजारहाटापर्यंत हाच प्रश्न लावला की बरेच निर्णय आपोआप सुटतात.

१. घर पक्कं करण्याआधी: जिना बघा, मग खोल्या

आधी मजल्याचा घोळ मिटवा. ‘तिसरा मजला’ म्हणजे काही देशांत तळमजला धरून तिसरा, काही ठिकाणी तळमजला सोडून तिसरा. शिवाय तळाला पार्किंग असेल आणि ते कोणी मोजतच नसेल, तर आणखी एक मजला गुपचूप वाढतो. म्हणून मजला विचारू नका, पायऱ्या मोजा. साधारण पायरी १५ ते १८ सेंटिमीटर उंच असते आणि एका मजल्याची उंची तीन मीटरच्या आसपास, म्हणजे मजल्याला १७ ते २० पायऱ्या. मजल्याला १८ धरल्या तर तळमजला सोडून तिसरा मजला म्हणजे ५४ पायऱ्या, ९ मीटर. ऐकायला फार वाटत नाही. पण सामान चढवायला सगळ्यांच्या मिळून ४० खेपा झाल्या, तर ती चढाई ३६० मीटर होते. आयफेल टॉवर ३३० मीटरचा आहे.

दुसऱ्यांदा घर बघायला जाल तेव्हा पाठीवरच्या पिशवीत दोन-दोन लिटर पाण्याच्या चार बाटल्या भरून न्या. आठ किलो होतात, म्हणजे आठवड्याच्या किराण्याएवढं वजन. ते घेऊन न थांबता वर जा. वेडेपणा वाटेल, घर दाखवणाराही चमत्कारिक नजरेने बघेल. पण कोणत्या मजल्याला आपला श्वास तुटतो हे त्या एका चढाईत जेवढं कळतं, तेवढं तासभर विचार करून कळत नाही.

चढताना पायाखाली लक्ष ठेवा. जिन्यात एखादी पायरी बाकीच्यांपेक्षा उंच किंवा बुटकी असते, बहुतेक वेळा मजल्यावरची पहिली किंवा शेवटची, कारण जिना बांधून झाल्यावर मजल्याची फरशी बसते आणि तिच्या जाडीने हिशेब बिघडतो. फरक सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा. डोळ्यांना दिसत नाही, पण पायाला कळतो, कारण दोन-तीन पायऱ्यांतच पाय उंची पाठ करून टाकतो आणि मग बघायचं सोडून देतो. आमच्या इमारतीत अशी पायरी दुसऱ्या मजल्याच्या तोंडाशी आहे. मला ती पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दाखवली. “अहो, वरती जरा जपून,” त्या दारातून म्हणाल्या, “शेवटची पायरी खोटी आहे.” पायरीला खोटी म्हणतात हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

अशा काकू प्रत्येक जिन्याला असतात. त्यांना गाठा आणि विचारा, “तुमचं कपाट वर कसं आणलंत?” मालक जे सांगणार नाही ते या एका प्रश्नातून बाहेर येतं: कुठल्या वळणावर सामान अडकतं, रात्री जिन्यातला दिवा चालतो का, दुपारी दार लावून झोपणारं कोण आहे.

अगदी वरचा मजला असेल तर दोन गोष्टी आणखी तपासा. एक, छत. उन्हाळ्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, म्हणून शक्य असेल तर घर संध्याकाळी बघा, सकाळी नाही. दोन, पाण्याचा जोर. टाकी गच्चीवर असेल तर १० मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. नळापासून टाकी तीनच मीटर वर असेल तर दाब ०.३ बारच्या आसपास राहतो. खालच्या मजल्यावर धो-धो येणारं पाणी वरच्या शॉवरमधून करंगळीएवढं येतं. नळ सोडून बघा. वॉशिंग मशीन किंवा गीझर लावणार असाल तर त्यांच्या माहितीपत्रकात किमान दाब दिलेला असतो, तोही ताडून घ्या.

जाता जाता एक: वरचे मजले एके काळी गरिबांचे होते. प्राचीन रोमच्या बहुमजली इमारतींत पैसेवाले खाली राहत आणि हातावर पोट असलेले वर. १८५४मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस या संशोधकाने दोर कापूनही न कोसळणारा लिफ्टचा पाळणा दाखवला, १८५७मध्ये त्याच शहरातल्या एका दुकानाच्या इमारतीत माणसांसाठी लिफ्ट बसली, आणि पुढे हे गणित उलटलं. लिफ्ट नसलेल्या इमारतींत मात्र ते अजून जुनंच आहे. वरच्या मजल्याचं भाडं खालच्याइतकंच सांगत असतील तर घासाघीस करायला लाजू नका.

२. मोजपट्टी

हा टप्पा लोक टाळतात आणि मग कपाट जिन्यात अडकतं.

जिन्याची चार मापं घ्या. भिंत आणि कठडा यांमधली मोकळी रुंदी, तीही सगळ्यात अरुंद जागी. हाताच्या आधाराचा दांडा, मीटरच्या पेट्या, बाहेर आलेले पाइप धरून. मग लँडिंगची, म्हणजे जिना वळतो त्या चौकाची, लांबी-रुंदी. तिथून वर जाणाऱ्या जिन्याच्या पोटापर्यंतची उंची, कारण उभी वस्तू वळवताना डोकं तिथेच आपटतं. आणि शेवटी इमारतीचं व घराचं दार, पल्ला पूर्ण उघडून. बऱ्याचदा जिना पार होतो आणि घराच्या दारातून आत वळताना गाडी अडते.

वस्तूची लांबी, रुंदी, उंची सगळेच घेतात. कर्ण राहून जातो. २०० सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर खोल कपाट आडवं आणून खोलीत उभं करायचं, तर उभं होताना त्याला जवळजवळ २०९ सेंटिमीटर जागा लागते. छत २०५वर असेल तर कपाट खोलीत आलं तरी आडवंच राहील.

सोफ्याचा प्रश्न तर गणितज्ञांनाही सुटायला वेळ लागला. काटकोनात वळणाऱ्या, एक एकक रुंदीच्या बोळातून जास्तीत जास्त किती क्षेत्रफळाचा सोफा वळवता येईल, हा प्रश्न लिओ मोझर यांनी १९६६मध्ये मांडला. जोसेफ गर्व्हर यांनी १९९२मध्ये २.२१९५ एककांचा, जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखा आकार शोधला. त्याहून मोठा शक्यच नाही, अशी सिद्धता मांडल्याचा दावा थेट २०२४मध्ये आला. आपल्याला एवढं डोकं लावायचं नसतं, कारण गणितातला सोफा जमिनीला चिकटून सरकतो आणि आपला उभा करता येतो. तीन जणांचा सोफा लँडिंगवर एका हातावर उभा करा, पाठ बाहेरच्या कोपऱ्याकडे ठेवा आणि स्वतःभोवती फिरवत पुढच्या जिन्याकडे न्या. त्यासाठी सोफ्याची लांबी लँडिंगवरच्या उंचीपेक्षा कमी हवी. म्हणून ते तिसरं माप.

माझं कपाट अडकलं ते दुसऱ्या लँडिंगवर. चार माणसं, दोन वर, दोन खाली, मध्ये कपाट भिंतीला आणि कठड्याला एकदम टेकलेलं. वर जाईना, खाली येईना. वरच्या बाजूला होतो तो मी, म्हणजे घरात जायला मोकळा आणि बाहेर पडायला बंद. मुकादम पाच मिनिटं काही न बोलता बघत राहिला. मग म्हणाला, “साहेब, दारं काढा.” दारं काढली, बिजागऱ्यांचे उंचवटे गेले, दोन सेंटिमीटर मिळाले आणि कपाट सुटलं. दोन सेंटिमीटर! स्क्रूड्रायव्हर तेव्हा टेम्पोत, तळच्या कुठल्यातरी खोक्यात होता. तो आणून देईपर्यंत वीस मिनिटं गेली. तेव्हापासून स्क्रूड्रायव्हर, पाना आणि षट्कोनी चाव्या माझ्या खिशात असतात.

सुटं होतं ते सगळं आदल्या दिवशी सुटं करा: पलंग, टेबलाचे पाय, कपाटाची दारं आणि खण. सुटं करण्याआधी प्रत्येक सांध्याचा फोटो काढा. स्क्रू छोट्या पिशवीत घालून ती पिशवी त्याच फळीला चिकटवा. ‘सगळे स्क्रू एका डब्यात’ ही कल्पना फक्त पहिल्या दिवशी चांगली वाटते.

३. काय न्यायचं नाही

एकेक वस्तू हातात घ्या आणि विचारा, ही वर नेण्याची खेप मी आनंदाने करीन का? ‘कधीतरी लागेल’वाल्या वस्तूंचा निकाल तिथेच लागतो. आणि लक्षात ठेवा, वर गेलेलं कधीतरी खालीही आणावं लागतं. एकसंध लाकडाचं जड कपाट घेण्यापेक्षा सुटे भाग जोडून बनणारं बरं. स्प्रिंगची गादी दुमडत नाही, फोमची गुंडाळता येते. नवं काही मागवत असाल तर ते घरात आणून देणार की इमारतीच्या दारात टाकून जाणार, हे पैसे भरण्याआधी विचारा. ‘घरपोच’ या शब्दाचा अर्थ अनेकदा तळमजल्यावर संपतो.

४. खोकी लहान ठेवा

मोठं खोकं दिसलं की ते भरावंसं वाटतं, तीच चूक. पाचशे पानांचं ए-फोर कागदाचं रीम अडीच किलोचं असतं. ४५ × ३० × ३० सेंटिमीटरचं साधं खोकं पुस्तकांनी गच्च भरलं तर २५-३० किलो होतं. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेचं उचलण्याचं सूत्र २३ किलोपासून सुरू होतं, आणि तेही सगळं मनासारखं असताना: वस्तू अंगाशी, कमरेच्या उंचीवर, न वळता, सपाट जमिनीवर. जिन्यात यातलं काहीच मनासारखं नसतं. माझी स्वतःची मर्यादा १५ किलो. पुस्तकं खोक्यात तळाला अर्धी, वर उशा-चादरी. किंवा सरळ पाठीवरच्या पिशवीतून चार फेऱ्यांत. पिशवीने हात मोकळे राहतात आणि एक हात कठड्यावर असला की अर्धी काळजी मिटते.

खोक्याला हात घालायची भोकं हवीत. आणि उचलून छातीशी धरल्यावर त्यावरून पुढची पायरी दिसली पाहिजे. दिसत नसेल तर खोकं हलकं असलं तरी मोठं आहे.

५. फ्रिज आणि वॉशिंग मशीन

फ्रिज आदल्या रात्री बंद करून, बर्फ वितळवून, पुसून कोरडा करा. नाहीतर जिन्यात पाणी गळतं आणि ओल्या पायरीवरून तोच फ्रिज घेऊन कोणीतरी चढत असतं. शक्यतो उभाच न्या. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं. तसं झालंच तर वर नेल्यावर लगेच चालू करू नका. मी पूर्ण दिवस उभा ठेवतो.

पुढून दार असलेली वॉशिंग मशीन ६० ते ८० किलोची असते, कारण पिळताना ती नाचू नये म्हणून आत काँक्रीटचं किंवा लोखंडाचं वजन बसवलेलं असतं. तिचा ड्रम स्प्रिंगांवर लोंबता असतो. नवीन मशीनबरोबर ड्रम घट्ट धरणारे वाहतुकीचे बोल्ट येतात, ते नेण्याआधी पुन्हा लावायचे आणि वर गेल्यावर, चालू करण्याआधी आठवणीने काढायचे. काढायचे विसरलात तर पहिल्याच धुण्याला खालचा मजला दार वाजवेल. वरून कपडे घालायची मशीन तुलनेने बरीच हलकी असते. खरेदी अजून व्हायची असेल तर हा विचार आधी करा.

या दोन वस्तूंसाठी सवयीची माणसं बोलवा. बाकी सगळं मित्रांबरोबर उरकलं तरी चालेल, पण इथे हौस नको. सामान न्यायला ठरवताना मजला, पायऱ्या आणि ‘लिफ्ट नाही’ हे तिन्ही लिहून कळवा. ऐनवेळी जिन्याखाली उभं राहून होणारा भाव कधीच आपल्या बाजूने होत नाही. काही शहरांत गाडीवर बसवलेली, खिडकीपर्यंत जाणारी शिडीची लिफ्ट भाड्याने मिळते. मिळत असेल आणि खिडकी मोठी असेल तर चौथ्या मजल्याला ती डोळे झाकून घ्यावी. ॲमस्टरडॅमच्या जुन्या घरांना माथ्यावर तुळई आणि आकडा असतो तो याचसाठी, कारण जिने अरुंद आणि सामान खिडकीतून. पण गच्चीवरून स्वतः दोर सोडून कपाट ओढायची कल्पना कोणी मांडली तर त्याला पाणी आणायला पाठवा.

६. सामान चढवायचा दिवस

सकाळी सगळ्यांच्या आधी एक फेरी मारा. जिन्यातल्या चपला-कुंड्या मालकांना विचारून बाजूला करा, प्रत्येक मजल्यावर सांगून ठेवा की आज गडबड असणार आहे. खोट्या पायरीच्या कडेला रंगीत चिकटपट्टी लावा. मी पिवळी लावली होती. दिवा जात-येत असेल तर लँडिंगवर टॉर्च टांगा.

पहिल्या खेपेत वर काय जातं? पाणी, साबण, टॉयलेटचं सामान, मोबाइलचा चार्जर, हत्यारांची पिशवी. त्या दिवशी वर आलेला माणूस पहिल्यांदा पाणीच मागतो, आणि ते खाली राहिलं असेल तर तीही एक खेप.

चार-पाच जण असाल तर साखळी करा. एक जण खाली गाडीजवळच, कारण उघडी गाडी सोडायची नाही. एक वर, कुठलं खोकं कुठल्या खोलीत हे सांगायला. बाकीच्यांनी जिना वाटून घ्यायचा, प्रत्येकाने आपलाच मजला चढायचा-उतरायचा आणि लँडिंगवर दुसऱ्याच्या हातात खोकं द्यायचं. एकूण चढाई काही कमी होत नाही, बेरीज तेवढीच येते. पण अरुंद जिन्यात खाली येणारा आणि वर जाणारा समोरासमोर येत नाहीत, आणि दर खेपेला मिनिटभर श्वास मिळतो. लँडिंगवर मात्र खोकी साचू द्यायची नाहीत.

टेम्पोत शेवटी चढतं ते आधी उतरतं. त्यामुळे पहिल्या खेपेची पिशवी अगदी दाराशी ठेवा. अवजड वस्तू माणसं ताजी असताना चढवायच्या, तेव्हा गाडी भरतानाच मुकादमाशी बोलून घ्या. तो गाडीचा तोल सांभाळून जड सामान पुढच्या भिंतीशी लावेल, ते बरोबरच आहे. मग खोकी आधी तळमजल्यावर उतरवून ठेवायला कोरडी जागा हवी.

दोघांनी मोठी वस्तू न्यायची तर खालच्याच्या अंगावर जास्त भार येतो. तिथे ताकदवान माणूस हवा, आणि उंचही असला तर उत्तम. वस्तूचं जड टोक खाली. बोलायचं एकानेच, बहुतेक वरच्याने, कारण खालच्याला समोर फक्त लाकूड दिसतं. शब्द आधी ठरवा: ‘टेकव’ म्हणजे लगेच टेकवायचं, ‘थांब’ म्हणजे आहे तसं धरून राहायचं. या दोन शब्दांत गोंधळ झाला की बोटं चेमटतात. वस्तू हातातून सुटलीच तर तिला अडवायला जाऊ नका, बाजूला व्हा. कपाट पुन्हा घेता येतं.

७. दुसऱ्या दिवशी

दम चढताना लागतो, पाय मात्र उतरण्याने दुखतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन रोखून धरतात आणि त्या कामाने ते जास्त दुखावतात. हे दुखणं त्याच रात्री पूर्ण कळत नाही, एक ते तीन दिवसांत वाढून मग ओसरतं. म्हणून परवासाठी कुठलंही उभ्याने करायचं काम ठेवू नका. आणि जिन्यात पडतात ते बहुतेक उतरतानाच, तेव्हा दुखऱ्या पायांनी दोन दिवस कठडा धरूनच उतरा.

८. राहायला लागल्यावर

महिनाभरात पाय सरावतात. डोकं सरावायला जास्त वेळ लागतो. दाराच्या आतल्या बाजूला खुंटी ठोका आणि किल्ली, पाकीट, छत्री तिथेच टांगा. दारामागे ‘खाली न्यायचं’ अशी एक पिशवी ठेवा: कचरा, परत करायची वस्तू, दुरुस्तीला द्यायचं काही. रिकाम्या हाताने उतरायचं नाही, जड हाताने चढायचं नाही. महिन्याचं सामान एकदम आणण्यापेक्षा रोज थोडं. वीस लिटरचा पाण्याचा जार २० किलोच असतो, त्यात सवलत नाही. गाळणयंत्र लावून टाका.

लँडिंगवर सायकल, चपलांचं कपाट, रिकामी खोकी ठेवायचा मोह होईल. ठेवू नका. आग लागली तर बाहेर पडायला तोच एक रस्ता असतो. अरुंद लँडिंगवर स्ट्रेचर वळत नाही, आजारी माणसाला खुर्चीत बसवून उतरवावं लागतं, आणि त्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी माणसं लागतात. घरात वयस्कर कोणी असेल तर हाताची मजबूत खुर्ची एक तरी ठेवा आणि शेजारच्या दोघांचे फोन नंबर भिंतीवर लावा. वर येणाऱ्या थकलेल्या माणसासाठी मधल्या मजल्यावर, भिंतीला दुमडून बसणारी बैठक लावता येते का, हे इमारतीत सगळ्यांना विचारून बघा. आमच्याकडे दोन वर्षांनी लागली. सगळ्यात जास्त वापर शाळेतून येणारी मुलं करतात.

खोट्या पायरीवरची पिवळी पट्टी आता झिजून पांढरी झाली आहे, नवी लावायची राहिली आहे. पाहुणे येणार असले की मी वरून ओरडतो, “दुसऱ्या मजल्याला जपून!” तोवर काकूंनी खालूनच सांगितलेलं असतं.